उंदीर डॅनिश, बैठक जपानी

गेल्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले होते, की युरोपातल्या पोर्सेलिनच्या बाहुल्या-प्राण्यांना नीट बसायला जपाननं शिकवलं. संपादकांनी नेमकं तेच चौकटीत छापलं आणि माझी पंचाईत झाली. पत्रांचा गठ्ठाच आला. निम्म्या पत्रांत शंका, निम्म्यांत घरातल्या शोकेसचे फोटो. जमतील तेवढी आज घेते.

सांगलीहून एक वाचक लिहितात: ताई, आत्या गेल्यावर तिचं काचेचं कपाट माझ्याकडे आलं. त्यात लिंबाएवढा चिनीमातीचा उंदीर आहे, साखरेच्या चौकोनी वडीवर बसलेला. आतोबा बोटीवर इंजिनियर होते, त्यांनी कुठल्याशा बंदरातून आणलेला. आत्या त्याला गणपतीत मूर्तीपुढे मांडायची आणि ‘बत्तासा खातोय बघ’ म्हणायची. तळाला तीन निळ्या लाटा आहेत आणि एक बारीक भोक. ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, हे जपानी नेत्सुके आहे, भोक दोरा ओवायला. खरं का?

गृहस्थ चुकले, पण चुकायला जागा चांगली निवडली त्यांनी.

आधी लाटांचं सांगते. तीन निळ्या लाटा ही रॉयल कोपनहेगन कारखान्याची खूण. कारखाना १७७५ सालचा. लाटा म्हणजे डेन्मार्कच्या बेटांमधून वाहणाऱ्या तीन सामुद्रधुन्या: ओरेसुंद, मोठा बेल्ट आणि धाकटा बेल्ट. आतोबांची बोट त्यातल्याच एखादीतून गेली असणार. तळाला कारखान्याचं नाव असेल तर भिंग लावून बघा. १९३५ पासून नावातल्या एखाद्या अक्षराच्या वर किंवा खाली बारीक रेघ मारायला लागले, त्या रेघेवरून साल काढता येतं. तुमच्या उंदराला भावंडंही आहेत. एक चेस्टनटवर बसलेलं आहे, एक मक्याच्या कणसावर.

आता भोकाचं. किमोनोला खिसे नसतात. तंबाखूची पिशवी, औषधाची डबी दोरीला बांधायची, दोरी कमरपट्ट्याखालून वर काढायची आणि ती घसरू नये म्हणून वरच्या टोकाला एक गोळा अडकवायचा. तो गोळा म्हणजे नेत्सुके. हस्तिदंताचा नाहीतर लाकडाचा, सुपारीपासून लिंबापर्यंत कुठल्याही मापाचा. दिवसभर तो कमरेशी घासणार, अस्तनीत अडकणार, म्हणून त्याला टोकं नकोत. मग शेपूट अंगाभोवती गुंडाळलेली, पाय पोटाखाली, कान पाठीला चिकटलेले. कोरणारे इतके खट की पोटाकडची बाजूही सोडायचे नाहीत; उलटा करून बघितला तर पंजांचे तळवे कोरलेले सापडतात. आणि दोरी एकीकडून आत जाऊन दुसरीकडून बाहेर यायची, म्हणून भोकं दोन. तुमच्या उंदराला एकच आहे. निकाल तिथंच लागला.

मग ते एक भोक कशाला? हे मला फार वाईट रीतीनं कळलेलं आहे. कलाशाळेत दुसऱ्या वर्षाला मी एक घोडा केला होता. पोकळ, चांगला हातभर लांब, मान उंचावलेली. सर म्हणाले होते, पोटाला भोक पाड. मला ते भोक विद्रूप वाटलं. भट्टी तापायला लागली आणि तासाभरात आतून फटाका वाजावा तसा आवाज आला. उघडली तेव्हा घोड्याचं एक खूर तेवढं अखंड होतं, आणि माझ्याबरोबर सात जणांची भांडी फुटली होती. लोक म्हणतात आत कोंडलेली हवा फोडते. हवा नाही, ओल फोडते. जाड भिंतीत राहिलेल्या ओलीची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही तर ती स्वतःच वाट करते. तुमचा उंदीर प्लॅस्टरच्या साच्यात स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, ओतून, भिंत धरल्यावर उरलेली ओतून टाकून केलेला आहे. आतून तो पोकळ आहे. भोक त्याच्या श्वासाचं आहे.

माझा घोडा फुटला नसता तरी वाकला असताच, हे पुढे मी विद्यार्थ्यांना शिकवायला लागल्यावर कळलं. पक्क्या पोर्सेलिनला १४०० अंशांच्या आसपासची आच लागते. त्या आचेला ते अर्धवट काचेसारखं मऊ पडतं, वर आकसतंही, साधारण सहावा हिस्सा. चार बारीक पायांवर उभं केलेलं जनावर अशा वेळी गुडघे टेकतं. म्हणून युरोपातल्या जुन्या पुतळ्यांत बघा, घोड्याच्या पोटाखाली झाडाचा बुंधा असतो, नाचणाऱ्या मेंढपाळाच्या मागे खोड असतं. आपण त्याला निसर्गशोभा समजतो. ते टेकू आहेत.

नेत्सुके कोरणाऱ्याला भट्टीशी देणंघेणं नव्हतं. त्याची अडचण कमरपट्ट्याची होती. पण तिच्यावर त्यानं जो तोडगा काढला, अंग आवळून स्वतःत मिटलेला प्राणी, तो भट्टीवाल्याच्या अडचणीलाही चपखल बसला. हे माझं मत आहे, कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही. पण मऊ पडलेले पाय ज्यानं स्वतः पाहिलेत त्याला ते लगेच पटेल.

कोपनहेगनला हे पोचवणारा माणूस म्हणजे अर्नोल्ड क्रोग. मुळात वास्तुविशारद. १८८५ मध्ये तो कारखान्याचा कलाप्रमुख झाला आणि पुढच्याच वर्षी संचालक फिलिप शू यांच्याबरोबर परदेश-दौऱ्यावर निघाला. पॅरिसला जपानी वस्तूंचा मोठा व्यापारी होता, सीगफ्रीड बिंग. त्याच्याकडचा खजिना क्रोगनं पाहिला. (कोपनहेगनला ‘बिंग अँड ग्रोन्डाल’ नावाचा दुसरा कारखाना होता, १८५३ चा. तो बिंग वेगळा. त्या कारखान्यातही पिएत्रो क्रोननं १८८६ ते ८८ मध्ये बगळ्यांचा एक जेवणाचा संच घडवला, त्यात पक्षी नुसते रंगवलेले नाहीत, भांड्यांच्या आकारातच गुंफलेत.) १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात क्रोगच्या कारखान्यानं सर्वोच्च पारितोषिक घेतलं आणि त्यानंतर तिथून प्राण्यांची रांगच लागली. लीसबर्ग, एरिक निल्सन असे शिल्पकार त्यासाठीच बसवलेले.

आता तुमचा उंदीर खिडकीपाशी न्या आणि त्याचा रंग बघा. कुठेही रेघ सापडणार नाही. पाठीवरची छटा पोटाकडे येता येता विरते, ती नेमकी कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही. कारण हा रंग झिलईच्या खाली आहे. एकदा भाजलेल्या, झिलई न चढवलेल्या मातीला बिस्किट म्हणतात; त्यावर तो लावायचा, बिस्किट तो टीपकागदासारखं पितं, चूक पुसता येत नाही. मग झिलईत बुडवून पुन्हा भट्टीत. १४०० अंशांत टिकतील असे रंग त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच: कोबाल्टचा निळा, क्रोमचा हिरवा, सोन्यापासून निघणारा एक तांबूस. यांच्याच मिसळीतून सगळे राखाडी. दुसरा कुणी रडला असता. क्रोगनं जपानी चित्रांत पाहिलं होतं, की धुकं हाच रंग होऊ शकतो आणि मोकळी सोडलेली पांढरी जागा रिकामी नसते. डेन्मार्कच्या हवेत धुक्याला तोटा नव्हताच.

म्हणून मी म्हणते, जपानचा प्रभाव पंखा, छत्री आणि किमोनो घातलेल्या बाईत शोधू नका. ती झाली वेशभूषा. तुमच्या उंदरात जपानी असं काहीही दिसत नाही, आणि तरी तो ज्या पद्धतीनं स्वतःत मिटून, स्वतःच्या साखरेत गर्क होऊन बसलाय, तसं बसणं आधीच्या युरोपीय पोर्सेलिनला फारसं जमलं नव्हतं. तिथला प्राणी कायम कुणाकडे तरी बघून पोज देत उभा.

गणपतीत जरूर मांडा. फक्त गुलाल तळाला लागू देऊ नका. तिथं झिलई नसेल तर तो मुरतो आणि मग जन्मभर निघत नाही.

डोंबिवलीहून: आम्ही युरोपच्या सहलीत ड्रेसडेनला ‘जपानी राजवाडा’ बाहेरून पाहिला. छपराला किंचित बाक, अंगणात चिनी चेहऱ्यांचे पुतळे भार पेलत उभे. जपानी काय होतं त्यात? गाईडनं सांगितलं नाही, बसची वेळ झाली होती.

जपानी होतं ते आत होतं, आणि ते मनासारखं मांडायचं राहूनच गेलं.

जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस, ज्याला ‘बलवान’ म्हणत, त्याला पोर्सेलिनचा रोग होता. रोग हा शब्द माझा नाही, तो स्वतःच म्हणायचा. १७१७ मध्ये त्यानं प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्याच वर्षी त्यानं हा वाडा विकत घेतला, संग्रहासाठी.

त्याचा जीव विशेष जडला होता तो जपानच्या आरिता गावच्या काकिएमोन कामावर. हे नाव तिथल्या कुंभार घराण्याचं. चीनमध्ये १६४४ साली मिंग राजवट कोसळली, तिकडून माल येणं अडखळलं, तेव्हा डच व्यापारी जपानकडे वळले आणि १६५९ पासून आरिताला मोठ्या मागण्या जाऊ लागल्या. इमारी बंदरातून माल निघायचा म्हणून त्यातल्या बऱ्याच मालाला इमारीच म्हणतात. काकिएमोनच्या उत्तम पांढऱ्याला जपानीत ‘निगोशिदे’ म्हणतात. त्या भागातल्या बोलीत निगोशी म्हणजे तांदूळ धुतल्याचं पाणी. आपलं धुवण! हा शब्द कळला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात बघत बसले होते. चिनी पांढऱ्यात निळसर झाक असते, ती यात नाही. ऊबदार, किंचित दुधाळ पांढरं, आणि त्यावर एका कडेला एखादी फांदी, एक लावा पक्षी, बाकी सगळं मोकळं.

ऑगस्टसनं बोटगर नावाच्या किमयागाराला डांबून ठेवलं होतं. त्याच्या हातून सोनं काही झालं नाही, पण १७०८ मध्ये पांढऱ्या पोर्सेलिनची कृती सापडली आणि १७१० मध्ये ड्रेसडेनजवळ माइसनचा कारखाना उभा राहिला. वीस वर्षांत तिथं काकिएमोनच्या नकला इतक्या हुबेहूब होऊ लागल्या की घोटाळा झाला. लमेर नावाच्या पॅरिसच्या व्यापाऱ्यानं मागणी घातली, मला जपानी नमुन्यांचा माल द्या, पण तुमच्या एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या तलवारींची खूण घालू नका. घालायचीच तर झिलईच्या वर घाला. झिलईवरची खूण खरवडून निघते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माल पॅरिसला अस्सल जपानी म्हणून जपानी भावानं खपत होता. दरबारातला मंत्री काउंट होयम यात सामील होता. १७३१ मध्ये प्रकरण फुटलं, मंत्र्याला अटक झाली आणि जप्त केलेला माल याच जपानी राजवाड्यात जमा झाला.

याच काळातली एक गंमत. राजाच्या पंक्तीसाठी राखलेलं एक नक्षीकाम होतं, बांबूभोवती विळखा घातलेला वाघ, काकिएमोनवरून उचललेला. माइसनमध्ये त्याचं नाव पडलं ‘पिवळा सिंह’. पट्टे ढळढळीत दिसत असताना! नाव आजही तेच चालतं. पण हसायला नको. आरिताच्या कुंभारांनीही हत्ती केलेत, फुटापेक्षा थोडे उंच, त्यांची एक जोडी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. करणाऱ्यांनी हत्ती पाहिलेला नसावा, बुद्धाच्या चित्रांतून घेतलेला असावा. आपण देवळाच्या दारात हत्ती बघत वाढलेली माणसं, आपल्याला तो पाहताक्षणी कळतं की सोंडेपाशी काहीतरी घोळ आहे. तरी जोडी इतकी गोड आहे, की अस्सल हत्तीची आठवण काढू नये.

शिल्पाकडे येते, कारण माझं ते चौकटीतलं वाक्य शिल्पाबद्दलच होतं. वाड्यात ठेवायला ऑगस्टसनं पोर्सेलिनचे खऱ्या मापाचे प्राणी-पक्षी मागवले. आधी किर्शनर आणि १७३१ पासून केंडलर, हे दोघे शिल्पकार त्यावर राबले. किर्शनरचा गेंडा जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१५ च्या छापचित्रावरून केलेला आहे. तो मूळ गेंडा गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना भेट दिलेला आणि १५१५ च्या जानेवारीत आपल्या गोव्याहून लिस्बनला बोटीनं गेलेला. ड्यूररनंही तो डोळ्यांनी पाहिला नव्हता, म्हणून त्याच्या अंगावर चिलखत चढलं. केंडलर मात्र जिवंत प्राण्यांसमोर बसून काम करायचा. त्याची शेळी, त्याचा टर्की कोंबडा, यांत पुस्तकी असं काही नाही.

यात जपानी किती? आकारात फारसं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. जपान इथं गुरू नाही, प्रतिस्पर्धी आहे. वाड्याच्या एका छतावर काढायच्या चित्राची आखणी तर अशी होती: सॅक्सनी आणि जपान या दोन बायका आपापल्या पोर्सेलिनवरून भांडतायत, देवी मिनर्व्हा सॅक्सनीला बक्षीस देते, आणि रुसलेली जपान आपली भांडी जहाजात भरून परत निघते. सूनबाई माहेरी निघाल्यासारखी. ऑगस्टस १७३३ मध्ये गेला आणि वाडा त्याच्या मनातल्यासारखा पुरा झालाच नाही.

पुढच्या वेळी ड्रेसडेनला गेलात तर वाडा सोडा, त्स्विंगरमधला पोर्सेलिन-संग्रह बघा. ते मोठे प्राणी जवळून पाहिले की अंगावर भट्टीतल्या भेगा दिसतात, काही बोट जाईल एवढ्या. रंगवून पुन्हा भाजायची छातीच झाली नसती कुणाची. म्हणून काही पांढरेच राहिले, काहींना न भाजता वरून रंग दिले, ते पुढे काढून टाकले. जपानला हरवायला निघालेल्या राजाच्या हाती शेवटी मोकळी पांढरी पाठ आली, ही भट्टीनं केलेली थट्टा मला फार आवडते.

नाशिकहून: लोणच्याची बरणी चिनीमातीची, कप चिनीमातीचा, आणि तुमचं पोर्सेलिनही चिनीमातीचं. मग फरक काय?

टॉर्च लावा. आतून उजेड बाहेर झिरपला तर पोर्सेलिन. बरणी ही स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली माती, तिच्यातून काही दिसायचं नाही आणि लोणच्याला ते बरंच आहे.

पुण्याहून एक विद्यार्थिनी विचारते: मॅडम, एका चहाच्या किटलीचा फोटो पाहिला. एका बाजूनं तरुण, उलटी फिरवली की तरुणी. ‘जपानी प्रभाव’ असं खाली लिहिलं होतं. पण तिच्यात जपानी काहीच नाही!

शाबास, डोळे उघडे ठेवून बघतेस. ती इंग्लंडच्या रॉयल वुस्टर कारखान्याची, १८८२ सालची. कल्पना कारखान्याचे प्रमुख आर. डब्ल्यू. बिन्स यांची, घडवणारा जेम्स हॅडली. वीतभरसुद्धा उंची नाही तिला. तरुणाचा कमरेवर ठेवलेला हात म्हणजे कान, आणि पुढे काढलेला, मनगटातून लुळा पडलेला हात म्हणजे तोटी. चहा त्या लुळ्या बोटांतून गळणार! तरुणाच्या छातीवर सूर्यफूल, तरुणीच्या छातीवर लिली. रंग शेवाळी हिरवट, त्या काळी ‘रसिक’ माणसं घालत तसा.

ही टिंगल आहे. १८५४ नंतर जपानची बंदरं उघडली, १८६२ च्या लंडन प्रदर्शनात जपानी वस्तू मांडल्या गेल्या, आणि पुढच्या वीस वर्षांत लंडनच्या दिवाणखान्यांत पंखे, निळी-पांढरी भांडी आणि सूर्यफुलं यांचा सुळसुळाट झाला. लेखक ऑस्कर वाइल्ड ऑक्सफर्डला शिकत असताना म्हणाला होता म्हणे, की आपल्या निळ्या चिनी भांड्यांच्या योग्यतेचं जगणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. किटलीच्या तळाला लिहिलेलं वाक्य त्यालाच टोला आहे. मराठीत सांगायचं तर: आपल्या किटलीच्या तोलामोलाचं जगायला गेलं, की निसर्गनिवडीच्या आणि उत्क्रांतीच्या नियमांनी होणारे भयानक परिणाम. म्हणजे डार्विनलाही ओढलं. या रसिकपणात स्त्री-पुरुष एकमेकांत असे मिसळले की कोण कुठलं कळेना, असा तो टोमणा. आज तो आपल्याला बोचावा असाच आहे, आणि ते विसरून नुसतं ‘किती गोड’ म्हणू नये.

खरी मौज पुढे आहे. हाच कारखाना, हाच हॅडली, दहा वर्षं आधी जपानी वेडावर पोट भरत होता. १८७२ मध्ये हॅडलीनं फुलदाण्यांची जोडी घडवली. त्यांच्या अंगावर जपानी कुंभार माती कालवतायत, भांडी घडवतायत, असे उठावाचे देखावे. पोर्सेलिनचा रंग हस्तिदंती केलेला, म्हणजे कोरीवकाम वाटावं. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात वुस्टरच्या या जपानी ढंगाच्या मालाचं फार कौतुक झालं. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की किटलीत जपान दिसत नाही, जपानच्या नादाला लागलेले इंग्रज दिसतात, आणि दाखवणारेही त्याच नादावर श्रीमंत झालेले. परीक्षेत असंच लिही. गुण कापले तर माझ्याकडे पाठव त्यांना.

तू विचारलंस आणखी, की असं काही जवळपास बघायला मिळेल का. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या चिनी-जपानी वस्तू आहेत. हैदराबादला गेलीस तर सालारजंगमध्ये युरोपीय आणि जपानी पोर्सेलिन एकाच दिवसात बघून होतं. आधी जपानी दालन बघ आणि मग युरोपीय. उलट क्रमानं बघितलं की जपानी दालनात शिरेपर्यंत डोळे सोन्यानं थकलेले असतात.

रत्नागिरीहून एक काका: आमच्या दिवाणखान्यात फुगीर झग्यातली गोरी मड्डम आहे, पायाशी कोकरू. वडिलांनी मुंबईला जुन्या बाजारात घेतली. झग्याला चिनीमातीची खरीखुरी लेस आहे, दोन ठिकाणी तुटली आहे. आम्ही आजवर जर्मन समजत होतो. परवा चिरंजीवांनी उलटी केली, तर खाली लाल अक्षरांत ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’. आमची फसवणूक झाली का?

काका, वडिलांनी जर्मन म्हणून जर्मन किंमत दिली असेल तर थोडीशी झाली. पण माझ्या मते तुमच्याकडे या अंकातली सगळ्यात बोलकी वस्तू आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर अमेरिकी ताबा होता. १९४७ पासून निर्यात पुन्हा सुरू झाली आणि ताबा उठेपर्यंत, म्हणजे १९५२ पर्यंत, बाहेर जाणाऱ्या बऱ्याच मालावर ही अक्षरं उमटवली जात. अमेरिकी गिऱ्हाइकाला काय हवं होतं? स्वस्तातली ड्रेसडेनची मड्डम. मग जपानी कारखान्यांनी ती केली. ज्या माइसननं सव्वादोनशे वर्षांपूर्वी जपानची नक्कल करून पॅरिसला फसवलं, त्याच घाटाची बाहुली आता जपान करत होता. मधल्या काळात येणं-जाणं सुरूच होतं. १८७० मध्ये गॉटफ्रीड वागेनर नावाचा जर्मन रसायनतज्ज्ञ आरितात जाऊन युरोपीय रंगांची आणि भट्टीची पद्धत शिकवून आला होता. ज्या गावानं जर्मनांना वेड लावलं, त्याच गावात.

लेसबद्दल सांगते. ती कोरलेली नसते. खरी सुती लेस घ्यायची, पातळ स्लिपमध्ये बुडवायची, ओली असतानाच बाहुलीच्या अंगावर चुण्या घालून बसवायची आणि भट्टीत घालायची. सूत जळून जातं, त्याभोवतीची माती तेवढी उरते. म्हणजे तुमच्या मड्डमच्या झग्यात जिथं धागा होता तिथं आता पोकळी आहे. म्हणून ती इतकी ठिसूळ, आणि म्हणून तुटलेली जागा कुणी नवी करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. डिंकानं चिकटवायलाही जाऊ नका, तुकडे कापसात गुंडाळून डबीत ठेवा. धूळ मऊ, कोरड्या ब्रशनं काढा. मी रंगकामाचा तीन नंबरचा वापरते.

चेहराही एकदा नीट बघा. अस्सल माइसनच्या बाईच्या पापण्या एकेक केसानं काढलेल्या असतात. तुमच्या बाईचे डोळे दोन झटक्यांत काढलेले असतील, वरचा फटकारा जाड, खालचा पुसट. दिवसाला कितीतरी चेहरे उरकणाऱ्या हाताचं ते काम. पण कुंचला टेकवून उचलण्याची ती सवय कुठल्या देशात लागलेली आहे, हे एकदा लक्षात आलं की मग दिसतच राहतं.

आणि तळ धुऊ नका. ती लाल अक्षरं बहुतेक वेळा झिलईच्या वर छापलेली असतात, लमेरच्या तलवारींसारखीच. दिवाळीच्या साफसफाईत कुणी काथ्यानं घासली तर आधी ‘ऑक्युपाइड’ जाईल, मग ‘जपान’, आणि तुमची मड्डम पुन्हा जर्मन होऊन बसेल.